ओढ्यापलीकडचं अधिवेशन

पंधरा ऑगस्टला सकाळी लोणावळ्यातून बाहेर पडणारी बहुधा मी एकटीच असेन. त्या दिवशी उरलेला देश आमच्याकडे येतो. वलवणच्या घराला कुलूप लावत होते, तेवढ्यात एका गाडीतल्या तरुणाने काच खाली करून धबधब्याचा रस्ता विचारला. मी सांगितला. तो बरोबर होता की नाही, हे त्याला पुढे कळलं असेलच.

मी धबधब्याला नाही, एका राजधानीचं पहिलं पावसाळी अधिवेशन बघायला निघाले होते. ही राजधानी टाकवे बुद्रुकच्या पुढे, डोंगराकडे आत आहे. गावाचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे पुन्हा जायचंय.

पुण्याकडे जाणारी लोकल रिकामी होती. समोर बसलेल्या बाईंनी माझी छत्री, पिशवी आणि इस्त्रीची साडी नीट न्याहाळली आणि विचारलं, "कुठं निघालात?"

"ग्रामसभेला."

"उभ्या राहणार आहात?"

"नाही, बसणार आहे," मी म्हणाले. 

कान्हे स्टेशनवर दत्ता मोटारसायकल घेऊन उभा होता. मी शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा दत्ता माझा विद्यार्थी होता. नकाशात नद्या उलट्या वाहवायचा. आता तो गावचा सरपंच आहे. या राजधानीच्या भानगडीत मला त्यानेच ओढलं होतं. गाडीवर बसल्यावर चिखल, खड्डे आणि दत्ता हे तिघं मिळून इस्त्री संपवतायत, तोवर मी ती भानगड सांगते.

ग्रामपंचायतीची इमारत गळायला लागली होती. नवी बांधायची, पण कुठे? गाव ओढ्याच्या अलीकडे. पलीकडे बौद्ध वस्ती, तीही याच ग्रामपंचायतीतली. अलीकडचे म्हणाले, हितंच. पलीकडचे म्हणाले, एकदा तरी तितं. हट्टाला पेटले सगळे. दत्ताला कुणालाच दुखवायचं नव्हतं, म्हणून त्याने जानेवारीच्या ग्रामसभेत मला बोलावून उभं केलं आणि म्हणाला, "बाई, देश राजधानी कशी ठरवत्यात, तेवढं सांगा."

मी सांगितलं. ऑस्ट्रेलियात दोन मोठ्या शहरांचं पटेना, म्हणून दोघांनाही टाळून तिसरंच शहर वसवलं. ब्राझीलने किनाऱ्यावरची गर्दी सोडून आत माळरानावर राजधानी बांधली. इंग्रजांनी कलकत्त्याहून दिल्ली गाठली. आपल्या तालुक्याचंच बघा, मोठं शहर लोणावळा आणि तहसील वडगावला. एका म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "म्हंजी मधलं गाव धरायचं, व्हय ना? मग आमच्या मधी काय हाय?"

मध्ये ओढा होता. 

मग पलीकडच्या सोनाबाई उठल्या. माझ्याच वयाच्या, पदर खोचलेल्या, आवाज खणखणीत. "बाई, मुंबई राजधानी हाय, तर मग समदे मंत्री थंडीत नागपूरला कशाला जात्यात?"

मी म्हणाले, विदर्भ महाराष्ट्रात आला, तेव्हा तसं ठरलं होतं. राजधानी मुंबई, पण वर्षातलं एक अधिवेशन नागपूरला.

"मग आमालाबी एक द्या. हाफिस ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. पंदरा ऑगस्टची सभा आमच्या विहारात घ्या."

एवढ्या स्वस्तात भांडण मिटतंय हे बघून सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ठराव झाला. मला श्रीफळ मिळालं. जानेवारीतला ओढा चप्पल न काढता ओलांडता येतो, आणि त्या दिवशी ऑगस्टचा विचार कुणी केला नाही. सोनाबाईंनी केला होता.

सभेनंतर त्यांनी मला पलीकडे चहाला नेलं आणि खरं काय ते सांगितलं. त्यांची नात प्रगती चौथीत होती. शाळा अलीकडे. "पानी चढलं की पोर घरी. आषाढ घरी, श्रावण घरी. डोंगराकडनं वळसा घालून यवढी पोर कशी धाडू? आमी पायी जायापुरता साकव मागून मागून दमलो. कागुद टाकलाय म्हंत्यात. हुशार हाय वो पोरगी, पर निम्मं वरीस शाळा न्हाई म्हंल्यावर किती टिकंल?"

चहा संपवून मी लोणावळ्याला परतले. 

तर आता ऑगस्ट. दत्ताच्या घरी आधी जेवण झालं: इंद्रायणीचा वाफाळता भात, अळूचं फदफदं आणि वर लोणकढं तूप. दत्ताच्या आईने, "लोणावळ्यात काय मिळतं चिक्कीबिगर?" असं म्हणत तिसऱ्यांदा वाढलं. मी लोणावळ्याची बाजू घेतली नाही, तोंडात घास होता.

मग सरपंच, ग्रामसेवक, शाळेचे गुरुजी, गावकरी आणि मी असे सगळे मिरवत अधिवेशनाला निघालो आणि ओढ्यावर येऊन थांबलो.

ओढा दोन्ही काठ भरून, गढूळ, धाडधाड वाहत होता. ग्रामसेवकाने एक पाय पाण्यात घालून बघितला. चप्पल पुण्याच्या दिशेने निघून गेली. ते पाय वर घेऊन उभे राहिले. डोंगराकडून वळसा घालायला कुणी तयार होईना.

पलीकडे सगळी वस्ती जमली होती. विहाराच्या ओट्यावर सतरंजी अंथरली होती, खुर्च्या मांडल्या होत्या, पाहुण्यांसाठी पोह्यांचं पातेलं झाकून ठेवलं होतं. थोडी वाट बघून त्यांनी आमच्यादेखत पोहे वाटून घेतले.

"सभा तहकूब करू," ग्रामसेवक म्हणाले.

"ठराव हाय ना," दत्ता म्हणाला. "व्हनार म्हंजी व्हनार." झेंडावंदनाचा लाउडस्पीकर शाळेतून आणवला, आणि सभा काठावरूनच सुरू झाली. दत्ता माइकवर बोलायचा, ते पलीकडे ऐकू जायचं. पलीकडचे ओरडायचे, ते पाण्यात बुडायचं. आम्हाला नुसती तोंडं हलताना दिसायची. सोनाबाईंचा एवढा खणखणीत आवाज, तोही पोचेना. दत्ताने विषय वाचले, "हरकत हाय का?" असं विचारलं, आणि उत्तर ऐकू न आल्याने ग्रामसेवकाने "हरकत नाही" असं लिहायला घेतलं.

तेव्हा सोनाबाई ओरडायच्या थांबल्या. मागे वळल्या आणि एका मुलीला हाताला धरून पाण्याजवळ घेऊन आल्या. कडक इस्त्रीचा गणवेश, लाल रिबिनी, छातीवर कागदी झेंडा.

"प्रगती," गुरुजी माझ्या शेजारी हळूच म्हणाले. "आज शाळेत तिचं भाषण होतं. पाठ करून घेतलं होतं मी. मग पाऊस लागला."

पोरीने पाय जुळवले, नमस्कार केला आणि भाषण सुरू केलं. आम्हाला एक शब्द कळत नव्हता. हात कधी छातीवर जायचा, कधी डोंगराकडे. मध्ये एकदा ती विसरली असावी. वर बघितलं, पुन्हा सुरू झाली. अलीकडचा एकही माणूस हलला नाही. दर पंधरा ऑगस्टला ही मुलं तयार होऊन तिथे उभी राहत असतील, आणि आम्ही शाळेत लाडू वाटत असू. त्या दिवशी त्या काठाकडे बघायचं कारण आजवर कुणाला पडलंच नव्हतं. मला रडू आलं, आणि ते पावसावर ढकलायची सोयही नव्हती, पाऊस नेमका थांबला होता.

शेवटी तिची मूठ वर गेली. काय म्हणाली ते सांगायला नकोच. आमच्या काठावरच्या सगळ्यांनी एका आवाजात "जय हिंद!" म्हटलं.

दत्ताने ग्रामसेवकाला लिहायचं थांबवलं आणि माइक तोंडाशी धरला. मग म्हणाला, "आयका. नवं हाफिस पलीकडं बांधायचं. आजपास्नं दप्तर विहारात, आन् समद्या सभाबी तितंच. कुनाची हरकत?"

अलीकडे कुजबुज झाली. ते आबा म्हणाले, "आरं पर, आमी दाखल्याला जायाचं कसं?"

"आन् मी रोज तिकडे कसा जाऊ?" एका चपलेवर उभ्या ग्रामसेवकाने विचारलं.

"पोरगी हिकडं येती, तसं."

"ती कुठे येते?"

"तेच तर म्हंतोय मी," दत्ता म्हणाला.

आबांनी एकदा पाण्याकडे बघितलं. मग त्यांनी हात वर केला. मागोमाग एकेक हात वर गेला. पलीकडचे तर कधीपासून वरच होते.

संध्याकाळच्या लोकलने परतले. लोणावळ्याच्या फलाटावर भिजलेला देश परत निघाला होता. वाट काढत घरी पोचले. इतकी वर्षं मी पोरांकडून राजधान्या पाठ करून घेतल्या. देश त्या का हलवतात, याची कारणंही लिहून दिली: सोय, संरक्षण, मध्यवर्ती जागा. कुणाचं तरी बोलणं ऐकू येत नव्हतं म्हणून राजधानी हलवली, हे कारण कुठल्याच उत्तरपत्रिकेत नव्हतं. असतं, तर मी त्याला बहुतेक शून्य दिलं असतं.

परवा दत्ताचा फोन आला. साकवाची मोजणी झाली म्हणे. साहेब आले होते, ओढा बघून त्यांनाच घाम फुटला. मोजणी म्हणजे पूल नव्हे, हे मलाही माहीत आहे आणि त्यालाही. फोन ठेवता ठेवता तो म्हणाला, "बाई, त्या पोरीनं भाषनात काय सांगितलं, इचारून कळवू का?"

मी नको म्हणाले. तिने इकडे येऊन सांगावं.