मेणबत्ती मोड की पार्टी मोड?

मित्रांनो, आज डोकं पार चक्रावलं आहे. तुम्हीच काहीतरी सांगा.

नवेगाव बांधजवळ मामेबहीण सुजाताचं लग्न होतं. नवा डिजिटल कॅमेरा माझ्याकडे, म्हणून फोटोही माझ्याकडेच. बुद्धविहारात उजेड कमी, समोर मेणबत्त्या पेटलेल्या. कॅमेऱ्यात मेणबत्तीच्या चित्राचा मोड दिसला, तोच लावला.

मामांनी लेकीच्या डोक्यावर हात ठेवला. वर्षभरापासून त्यांचा हात थरथरतो. फोटोत उजेड सुंदर सोनेरी आला, पण हात पुसट झाला.

मग पार्टी मोड लावून त्यांना पुन्हा तसंच उभं केलं. फ्लॅश पडला. हात अगदी स्पष्ट आला, पण मेणबत्त्यांचा उजेड गेला आणि चेहरे पांढरे पडले.

जेवणं झाल्यावर मामांना दोन्ही फोटो दाखवले. फ्लॅशचा फोटो बघून ते म्हणाले, "हाच दे. यात माहा हात चांगला दिसून राहिला."

सुजाता मला बाजूला घेऊन म्हणाली, "दादा, मले पहिलाच पाहिजे. बाबाचा हात असाच आहे ना."

मामांच्या घरी भिंतीवर एकच फोटो लागणार आहे, आणि मला काहीच ठरवता येत नाही. तुम्ही कोणता दिला असता?