डोळे मिटून ऐकणारे घरत वकील

पक्षकार बोलायला लागला की घरत वकील डोळे मिटून घ्यायचे. मी नुकती सनद घेऊन त्यांच्या हाताखाली लागले होते. पहिल्या दिवशी वाटलं, म्हातारा झोपला. मुद्दाम खुर्ची सरकवली, तर मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, "झोपलो न्हाय, बाय. बघतंय."

त्यांचं ऑफिस भाईंदर पश्चिमेला होतं. घराण्याची मिठागरं होती एकेकाळी. आता खिडकीतून दिसत तेवढेच पांढरे ढीग उरले होते. दुपारी खारा वारा यायचा, टेबलावरचे कागद फडफडायचे आणि उन्हात ते ढीग जमिनीपासून सुटून तरंगताहेत असं वाटायचं. मिस्ड कॉल देण्याचे ते दिवस. त्या खोलीत वेळ जरा सैलच चालायचा.

अशाच एका दुपारी मीरा रोडच्या नया नगरमधून शाहीन आली. कडेवर दीड वर्षाची मुलगी, हातात नोटीस : सात दिवसांत भारत सोडा. ती कराचीची, लग्न होऊन इथे आलेली. नवरा रफिक इथलाच, जवळच हाटकेशच्या कारखान्यांच्या वस्तीत, एका गाळ्यात लेथवर काम करणारा. तिच्या व्हिसाची मुदत मुलीच्या जन्माच्या सुमारास संपली होती. मुलीला कोणी जा म्हणत नव्हतं. फक्त आईला.

"एक एजंट बोलता है, मेरा यहीं का जन्म का दाखला बना देगा," ती हळूच म्हणाली.

घरतांनी डोळे उघडले. "वो कागज बना, तो तेरे सच्चे कागज भी झूठे हो जाएँगे. फिर मैं भी कुछ नहीं कर सकता."

मग त्यांनी तिला एकेक वाट समजावली. नोटिशीला लेखी उत्तर द्यायचं. भारतीयाची बायको म्हणून दीर्घ मुदतीच्या व्हिसासाठी अर्ज करायचा. तोवर कोणी बाहेर काढू नये म्हणून हायकोर्टात रिट. मुदत उलटून राहिल्याचा खटला होऊ शकतो, हेही लपवलं नाही. नागरिकत्व फार पुढे, कित्येक वर्षं रीतसर राहिल्यावर. "कोर्ट देश नहीं देता, बेटी. साँस लेने का टाइम देता है."

पण मुदतवाढीचा अर्ज वेळेत केला होता, त्याचं उत्तरच आलं नाही, असं ती शपथेवर सांगत होती आणि पावती मात्र हरवली होती. वेळेत अर्ज केल्याचा तोच तर एकमेव पुरावा. घरत म्हणाले, "आँखें बंद कर. उस दिन में वापस जा."

शाहीनने डोळे मिटले. समोर घरतांचेही मिटलेले. मीच एकटी जागी, असं काहीतरी वाटलं. नववा महिना होता, ती सांगू लागली. व्हिसा ऑफिसच्या रांगेत कुणीतरी स्टूल दिलं. शिक्क्याची जांभळी शाई ओली होती, म्हणून ती पावतीवर फुंकर घालत बसली. तेवढ्यात कळा सुरू झाल्या. रफिकने रिक्षा केली, थेट दवाखाना.

"पावती हाथ में थी?"

"हाथ में... नहीं. फाइल में. डॉक्टर की फाइल में!"

मुलीला माझ्या मांडीवर टाकून ती धावलीच. तासाभराने परतली ती फाइल छातीशी धरूनच. सोनोग्राफीच्या रिपोर्टला पावती चिकटून बसली होती. रिपोर्टच्या पाठीवर जांभळा शिक्का उलटा उमटला होता. घरत कितीतरी वेळ त्यावरून बोट फिरवत राहिले.

सहाव्या दिवशी हायकोर्टाने अर्जाचा निर्णय होईपर्यंत हद्दपारीला स्थगिती दिली. शाहीन बाहेर येऊन नुसती बाकावर बसली, रफिक भिंतीकडे तोंड करून रडला. घरत त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "अभी लंबा चलना है." आणि खरंच लांब चालावं लागलं. दीर्घ मुदतीचा व्हिसा मिळायलाच वर्ष गेलं.

काही वर्षांनी घरत गेले. राई गावातल्या त्यांच्या अंगणात बायका बसल्या होत्या. शाहीन आली, मुलीचं बोट धरून, आणि दारातच थबकली. घरतकाकींनी मान वर केली.

"तू कुठची गं, बाय?"

शाहीनने माझ्याकडे पाहिलं. नागरिकत्वाचा अर्ज अजून सरकारदरबारी पडून होता. आमच्याशी ती कायम हिंदीत बोलायची.

"मीरा रोडची," ती म्हणाली.

काकी सरकल्या आणि चटईवर त्यांनी तिला जागा करून दिली.