शिळी हवा

अक्कांच्या सायकलीला पंक्चर होत नसे. मी लातुरात होतो तोवर ते एकदाच झालं, आणि त्या दिवशी सायकल त्यांच्या नाही, माझ्या हातात होती. मी हिशेबाचा माणूस आहे. जमा आणि खर्च जुळले नाहीत तर मला जेवण जात नाही. हा एक हिशेब मात्र इतकी वर्षं झाली तरी जुळलेला नाही.

अक्का मूळच्या देवणीच्या. लातुरात क्लासला आलेल्या मुलांना त्या डबे पोचवायच्या. मी त्यांच्याच गल्लीत खोली घेऊन राहत होतो, त्यांच्याकडे मेंबर म्हणून जेवत होतो आणि एका डाळ मिलमध्ये मुनीम होतो. त्यांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. मुनीम हेच माझं नाव. सकाळी आम्ही बरोबरच निघायचो, कारण मिल आणि मुलांच्या खोल्या एकाच रस्त्यावर होत्या.

रस्ता तोच, वेळ तीच. माझी सायकल नवी, टायर नवे, वजन माझ्या एकट्याचं. त्यांची काळी सायकल गल्लीतल्या सगळ्यांत जुनी. हँडलला दोन पिशव्या, मागे कॅरेटमध्ये डबे, आणि वर अक्का, ज्या काही बारीक नव्हत्या. तरी महिन्यातून तीन-चार वेळा पंक्चरच्या दुकानात उकिडवा बसून घमेल्यातले बुडबुडे बघायचो तो मीच. दुकानातले चाचा टायरमधून निघालेला काटा माझ्या तळहातावर ठेवायचे. "लेव मुनीमसाब, तुमारा सराटा." रस्त्याकडेच्या गवतातला हा काटा कसाही पडला तरी त्याचं एक टोक वर राहतं.

मला उशीर झाला तर मालक नुसते घड्याळाकडे बघायचे. अक्कांचं तसं नव्हतं. मुलं सकाळी क्लासला बसली की दुपारीच उठायची. डबा त्याआधी पोचला नाही तर पोर तोवर उपाशी. त्यात दर रविवारी परीक्षा. "उपाशी पोराच्या डोस्क्यात काय शिरतंय, मुनीम?" अक्का म्हणायच्या. "मायबापानं माझ्या भरवशावर ठिवलंय त्येला." त्यांची स्वतःची न्याहारी कधी व्हायची ते मी पाहिलेलं नाही.

एकदा मी सरळ विचारलं, "अक्का, तुमच्या सायकलीला पंक्चर का होत नाही?"

"शिळी हवा ठिवत न्हाई मी."

आणि खरंच ठेवत नसत. दर सोमवारी डबे भरायच्या आधी त्या दोन्ही चाकांची हवा पूर्ण सोडून द्यायच्या, टायर दाबून शेवटची फूसही बाहेर काढायच्या आणि मग पंपानं ताजी भरायच्या. "शिळ्या भाकरीला बुरशी येती का न्हाई? तसंच हाय हे. हवा आतल्या आत कुजती, मग ट्यूब कमजोर पडती."

हवा शिळी होत नसते, हे मी त्यांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी ते पूर्ण ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "असंल बाबा. तुमी शिकलेलं माणूस. पर बसती तर तुमचीच."

पंक्चर हा शब्द सकाळी उच्चारायचा नाही, हा त्यांचा दुसरा नियम. म्हणून त्या सायकल "बसली" म्हणायच्या. तिसरा नियम असा, की सायकल रात्री भिंतीला टेकवायची नाही, स्टँडवर उभी करायची. टेकवली की ती आळसावते. मी एकेक नियम वेगळा तपासायला हवा होता. पण त्या आठवड्यात दोनदा उशीर झाला होता, म्हणून तिन्ही एकदम सुरू केले. गल्लीतली माणसं दारात उभी राहून माझी सोमवारची हवा सुटताना बघायची. चौथ्या दिवशी पुन्हा सराटा.

मग एका सकाळी मला निघायला थोडा उशीर झाला आणि मी अक्कांच्या बरोबर न चालता मागून चाललो. तेव्हा प्रथम दिसलं, की अक्का रस्त्याच्या मधून जातात. मी लहानपणापासून डावी कड सोडलेली नव्हती. बरोबर असतानाही मी कडेला आणि त्या मध्यात, असंच आमचं बोलणं चालायचं; त्यात काही वेगळं आहे हे लक्षात आलं नव्हतं. गाड्यांची चाकं मधला रस्ता झाडून काढत होती. खडे, तारा, काटे, सगळा केर कडेला जात होता, आणि तो मी रोज नेमानं माझ्या टायरनं गोळा करत होतो.

मी सायकल पुढे काढून विचारलं, "तुम्ही कडेनं का जात नाही?"

"कडंला गचके बसतेत. आमटी सांडती."

बस. एवढंच कारण. त्यात पंक्चरचा काही संबंध नव्हता. मागून एखादा ट्रक हॉर्न वाजवू लागला, की अक्का वळून न बघता एक हात मागे करून त्याला थांबायची खूण करायच्या. "त्येला काय घाई हाय? त्याच्या गाडीत आमटी हाय का?"

मीही मधून जाऊ लागलो. पंक्चर बंद झालं. पण सोमवारची हवा मी सोडली नव्हती, आणि ताजी हवा भरली की टायर टणक राहतो हेही खरं होतं. दोन गोष्टी एकत्र मिसळल्या की कशामुळे काय झालं ते सांगता येत नाही.

एका रविवारी मागून टेम्पोचा हॉर्न आला. मी जुन्या सवयीनं कडेला झालो. अक्कांनी हात मागे केला. टेम्पो कॅरेटला घासून गेला आणि अक्का डब्यांसकट पडल्या. ड्रायव्हर घाबरून थांबला, धावत आला. अक्कांचा पाय नको तसा वळला होता.

"मुनीम, डबे बघा. परीक्षा हाय पोरांची."

"आधी तुम्ही दवाखान्यात चला."

"ब्याड, ब्याड." फार दुखलं की त्यांना नको म्हणायला कानडीच सुचायचं. "मला हे नेतेत टेम्पोत. तुमी डबे न्या."

कॅरेट त्यांच्याच सायकलीला होतं, म्हणून माझी तिथंच ठेवून मी त्यांची घेतली.  रस्त्याच्या मधे जायची हिंमत झाली नाही, अगदी कडेकडेनं गेलो. मिलच्या वळणावर मागचं चाक बसलं. मग डब्यांची सायकल ढकलत पळालो. मुलं खोल्या सोडून क्लासच्या फाटकाशी डब्याची वाट बघत उभी होती. येसराची आमटी जवळजवळ सगळी सांडली होती. पोरांनी भाकरी कोरडीच खाल्ली आणि आत गेली. उपाशी कुणी गेलं नाही.

दवाखान्यात अक्कांनी पहिलं हेच विचारलं, आणि मी हेच सांगितलं. सायकल बसल्याचंही सांगितलं, कारण ते लपवण्यासारखं नव्हतं. कडेनं गेलो म्हणूनच बसली, याची मला खात्री झाली होती.

अक्कांनी डोळे मिटून घेतले. "ह्या सोमवारी पाव्हणे आलते. हवा बदलायची राहिली बघा."

तिथं माझी खात्री संपली.

मांडीचं हाड मोडलं होतं. त्यांचा भाऊ देवणीहून जीप घेऊन आला. डबे बंद झाले. जीपच्या टपावर काळी सायकल बांधत असताना अक्का मला म्हणाल्या, "मुनीम, आता मधून जाऊ नका. कडंनं जावा." जीप सुरू झाल्यावर त्यांनी पुन्हा डोकं बाहेर काढलं. "पर कडंला सराटं हायेत." त्यानंतर आमची भेट नाही. दोन-तीन वर्षांनी त्या गेल्याचं चाचांनी फोनवर कळवलं.

आता मी नांदेडला असतो. मुलगी अकरावीला आहे, सकाळी सायकलनं क्लासला जाते. पावसाळा संपल्यापासून तिला सारखं पंक्चर होत होतं आणि पहिला तास बुडत होता. "बाबा, काय करू ते सांगा ना," ती म्हणाली. मला उत्तर ठाऊक होतं. निदान ठाऊक आहे असं वाटत होतं. मी तोंड उघडलं आणि तो मागे केलेला हात आठवला.

"कडेनंच जा," मी म्हणालो.

"कडेनंच तर जाते. म्हणून होतंय का पंक्चर?"

 सोमवारी पहाटे पंप घेऊन अंगणात बसलो. ती दप्तर घेऊन बाहेर आली आणि बघत उभी राहिली.

"बाबा, चांगली भरलेली हवा का सोडताय?"

"शिळी झाली असेल."

"हवा कधी शिळी होते का?"

"होत नाही," मी म्हणालो, आणि दुसऱ्या चाकाचा व्हॉल्व्ह सैल केला.