नथ घातलेला मासा

आमच्या आबांनी समुद्र पाहिलेला नाही. चौऱ्याहत्तर वर्षं सावद्याजवळच्या केळीच्या बागेत गेली. पाणी म्हणजे विहीर, पाट आणि आता ठिबकची नळी. गेल्या वर्षी होळीच्या सुमारास मी त्यांना जळगावला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं होतं. नंबर लागायची वाट बघत होतो. भिंतीवरच्या टीव्हीत निळ्या पाण्याखालची प्रवाळाची बेटं दाखवत होते, त्यातून पिवळे मासे चालले होते. आबा खुर्चीतून उठले आणि टीव्हीच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. मागच्या लोकांना काही दिसेना. मी हात धरून ओढलं तर म्हणाले, "थांब नं पोरी. मले हे पाह्यचं हाये. खरंखुरं."

आत गेल्यावर कळलं, काचबिंदू. डावा डोळा गेल्यातच जमा होता, उजव्याची नजर कडांकडून आक्रसत चालली होती. गेलेलं परत येत नाही, उरलेलं औषधाने धरून ठेवू, असं डॉक्टर म्हणाले. आबा बाहेर गेल्यावर मला हळूच सांगितलं, "काही बघायचं राहिलं असेल तर फार लांबवू नका."

बाहेर येऊन मी रिक्षावाल्याशी विनाकारण भांडले. मी तापट आहे, हे पिंप्राळ्यातल्या आमच्या अख्ख्या कॉलनीला ठाऊक आहे. रडायचं असतं तिथे मी भांडते. घरी पोहोचेपर्यंत ठरलं होतं : आबांना अंदमानला न्यायचं.

मग सुरू झाले ते आमचे सुखाचे दिवस. दर रविवारी मी सावद्याला जायची. जेवणं झाली की आम्ही बापलेक बागेत खाट टाकून बसायचो. केळीच्या बागेत भर दुपारचं ऊनसुद्धा हिरवं होऊन खाली येतं, पानं वर हलत राहतात, आणि त्या उजेडात आपण पाण्याखालीच बसलो आहोत असं वाटायला लागतं. मी मोबाइलवरून वाचून दाखवायची. कुठल्या बेटावर कासवं येतात, कुठे पाणी कमरेएवढंच असून खाली पोवळ्याचं बन आहे.

"पोवळं? आंगठीतलं?"

"तेच. पण ते दगड नाही आबा, बारीक बारीक जीव असतात. तेच घर बांधतात."

"म्हंजे जित्राब!" त्यांनी आपल्या बोटातल्या अंगठीकडे असं पाहिलं, की ती आता चावतेच.

पाण्यात चेहरा बुडवून बघायचा मुखवटा आणि तोंडात धरायची वाकडी नळी मी मागवली. आबा दोन्ही लावून खाटेवर तासभर पडून राहायचे, सरावासाठी. माझा भाऊ हसून हसून बेजार. मला तर मध्यरात्री जाग आली तरी निळं दिसायचं.

तारीख मात्र आमच्या रिवाजाप्रमाणे ठरली. बाग कापल्याशिवाय आमच्याकडे कोणी गाव सोडत नाही. लग्न असो की तीर्थयात्रा, आधी घड उतरतात, मग माणसं निघतात. कापणी मेच्या मध्याला होती, म्हणून मेचा शेवटचा आठवडा धरला. पाऊस मिरगाला येतो, म्हणजे मे कोरडा, हा माझा हिशेब. हॉटेलवाल्याने चक्क सवलत दिली. कशाची, हे विचारायचं मला सुचलं नाही.

निघायच्या आठ दिवस आधी आम्ही सगळे टीव्हीसमोर बसलो होतो. बातमी आली, मान्सून अंदमानात दाखल. आबांनी टाळी वाजवली. ही बातमी ऐकली की ते दरवर्षी घरातल्या प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवतात. तिकडे आला म्हणजे आता इकडे यायला निघाला. मी खडा तोंडात टाकला आणि तसाच धरून बसले. आबांची टाळीही अर्ध्यावर थांबली होती.

कपाळ माझं! जन्मभर त्या बातमीचा गूळ खाल्ला, आणि बुकिंग करताना आठवली नाही. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

मी तिथल्या बोटवाल्याला फोन लावला. तो सज्जनपणे म्हणाला, "मॅडम, अभी समंदर गुस्से में है. नीचे सब मटमैला. जनवरी में आइए."

जानेवारी! मी डॉक्टरांकडे धावले. जानेवारीपर्यंत आबांना दिसेल का, एवढंच विचारलं. ते म्हणाले, "प्रयत्न करू. शब्द नाही देता येणार."

मी सावद्याला येऊन सगळ्यांवर ओरडले. भावावर, कापणीवर, गुळाच्या डब्यावर. आबांनी ओरडू दिलं. मग म्हणाले, "झालं? आता आयक. मले नाही दिसलं तं तू पाह्यजो. वर येऊन सांगजो."

मला पोहता येत नाही. नऊ वर्षांची असताना आबा मला विहिरीत केळीच्या खांबावर पालथं घालून शिकवत होते. खांब निसटला, मी पाणी प्याले, आणि नंतर कधी उतरले नाही. काठावर बसायची. विहिरीत कोणाची बादली पडली की गाव आबांना बोलवायचं. ते तळाशी बुडी मारायचे आणि मी श्वास मोजत बसायची. वर आले की विचारायची, "खाली काय होतं?" त्यांचं उत्तर ठरलेलं. "मासा होता. नथ घातलेला." कितीतरी वर्षं मी ते खरं धरलं. पुढे विज्ञानाची शिक्षिका झाले, तेव्हा त्यांच्यावर रागावलेही.

दुसऱ्या दिवशी भावाने शेततळ्याच्या काठाला दोर बांधला. कापलेल्या बागेत खांबांना तोटा नव्हता. दोन जोडून त्याने पाण्यात सोडले. मी दोर कमरेला बांधला, मुखवटा चढवला. आबा काठावर खुर्ची टाकून बसले, मान किंचित डावीकडे वळवून, कारण आता त्यांना तसंच थोडंफार दिसतं. "घाबरू नको," ते म्हणाले, "मी मोजतो."

मी तोंड बुडवलं. खाली काळं प्लॅस्टिक, त्यावर शेवाळ, आणि डासांसाठी आरोग्यखात्याने सोडलेले गप्पी मासे, नखाएवढे, मळकट. ऊन तुकड्या तुकड्यांनी खाली उतरत होतं. आणखी काही नव्हतं. पण मी बघत राहिले, दम संपेपर्यंत.

वर आले तेव्हा आबा खुर्चीतून उठून पार काठापाशी आले होते. माझ्या चेहऱ्याच्या जरा बाजूला बघत त्यांनी विचारलं, "काय होतं खाली?"

मी वर्गात कधी खोटं सांगत नाही.

"मासा होता," मी म्हटलं. "नथ घातलेला."

आबा पुन्हा खुर्चीत बसले आणि म्हणाले, "नथीत मोती किती, ते पाह्यलं नाही. जाय, अजून एक बुडी मार."