पिकअपची खांदमळणी

ग्रीसला वास असतो का, हा प्रश्न मला पन्नाशी उलटल्यावर पडला आणि त्याचं उत्तर शोधायला मी धामणगाव बढ्यातल्या आमच्या गोठ्यात, पोळ्याच्या आदल्या दुपारी, पिकअप गाडीखाली पाठ टेकून निजले. असतो. तापून निवलेल्या लोखंडाचा असतो, रॉकेलच्या रिकाम्या डब्याचा असतो, आणि, विश्वास ठेवा अथवा ठेवू नका, किंचित एरंडेलाचाही असतो. बाहेर श्रावण सरता सरता उघडीप पडली होती, अंगणात मुगाच्या शेंगा तडतडत वाळत होत्या, आणि ओल्या मातीवरून परावर्तित होऊन आलेला मऊ उजेड गाडीच्या पोटाखालच्या त्या काळ्या, तेलकट विश्वावर पसरला होता. साडीवर यजमानांचा जुना शर्ट चढवून मी त्या विश्वात शिरले होते.

वस्तूच्या पोटात काय दडलंय ते पाहिल्याशिवाय मला चैन पडत नाही. माहेरी असताना मी आईचं शिवणयंत्र उघडून ठेवलं होतं, तेव्हापासून 'नसती उठाठेव' हे माझं घरातलं दुसरं नाव. पुढे शाळेत मराठी शिकवू लागले, तरी खोड गेली नाही. आता शब्द उकलून पाहते एवढंच. पण या खेपेला गाडीखाली शिरण्यामागे नुसतं कुतूहल नव्हतं, एक धास्तीही होती. ती सांगण्याआधी आमच्या घरची एक रीत सांगावी लागेल.

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बैलांची खांदमळणी होते. वर्षभर ज्या खांद्यावर जू राहिलं, तो खांदा कोमट पाण्याने शेकायचा, पळसाच्या पानाने त्यावर हळद आणि तूप चोळायचं, आणि मग बैलाच्या कानाशी लागून, अगदी सोयऱ्याला सांगावं तसं, म्हणायचं, "आज आवतन घ्या, उद्या जेवायले या." आमच्या गोठ्यातली शेवटची जोडी म्हातारपणाने गेली, नवी आणली नाही, त्या जागी पिकअप उभी राहिली, पण बापूरावांनी रीत मोडली नाही. बापूराव म्हणजे माझे यजमान. सारा गाव त्यांना याच नावाने ओळखतो, म्हणून लिहिताना मीही तेच वापरते. त्यांचं म्हणणं सरळ होतं, "वझं कोन ओढून राह्यलं? गाडी. मंग खांदा कोनाचा मळायचा?"

आता गाडीला खांदा कुठे असतो, याचा निवाडाही त्यांनीच केला. इंजिनाची ताकद मागच्या चाकांपर्यंत नेणारा एक लांब, जाड दांडा गाडीच्या पोटाखालून जातो. त्याला शाफ्ट म्हणतात. त्याच्या दोन्ही टोकांना लोखंडी फुलीसारखा एकेक सांधा असतो, तो क्रॉस. रस्ता वर-खाली झाला, चाकं उसळली, की दांड्याचा कोन बदलतो, आणि तो क्रॉस वाकता वाकता फिरतो, फिरता फिरता वाकतो. हाच खांदा, असं ठरलं. दर पोळ्याला बापूराव गाडीखाली हात घालून त्या सांध्यांवर ग्रीसचा गोळा प्रेमाने चोळीत, बॉनेटला हळद-तुपाचं बोट लावीत, आणि बाजूच्या आरशापाशी वाकून गंभीरपणे आवतन देत. आरसे म्हणजे गाडीचे कान, हेही त्यांनीच ठरवलेलं. मी हसायची. पण मनातून मला ते फार आवडायचं.

तर धास्ती अशी, की आषाढापासून गाडीतून एक आवाज येऊ लागला होता. गाडी उभी असताना क्लच सोडला, की खालून 'टक्'. मागे घेतानाही 'टक्'. पहाटे बापूराव भाजी भरून घाट चढून बुलढाण्याला निघतात आणि वाटेत मला शाळेच्या फाट्यावर सोडतात. त्यामुळे तो आवाज मी रोज ऐकत होते. मी म्हटलं, "अहो, खालून कायतरी वाजून राह्यलं." ते म्हणाले, "कायचा आवाज? तू मास्तरीन, घंटा आयकू आयकू तुह्याच कानात घुमून राह्यलं."

थट्टा म्हणून सोडून दिलं असतं. पण बापूराव म्हणजे आवाजावरून गाडीची नाडी ओळखणारा माणूस. पारावर बसल्या बसल्या, रस्त्याने जाणाऱ्या गाडीचा कोणता पट्टा सैल आहे ते सांगणारा. आणि त्यांचंच एक वाक्य मला पाठ होतं. गावातल्या एका वयस्क ड्रायव्हरबद्दल ते पूर्वी म्हणाले होते, "ज्याले आपली गाडी आयकू येत नाही, त्यानं स्टेरिंगले हात लावू नये." ते वाक्य आठवलं. मग एकेक गोष्ट उलगडत गेली. गाडीत मी त्यांच्या डाव्या हाताला बसते. गेलं वर्षभर मी वाटेत काही बोलले तर ते उत्तरच देत नसत. मला आपलं वाटायचं, लग्नाला इतकी वर्षं झाली, आता माणसाजवळ बोलण्यासारखं काय उरणार? मी मनोमन रुसले होते, आणि तो रुसवाही त्यांच्या डाव्या कानापलीकडे पोचला नव्हता.

तुम्हाला कमी ऐकू येतं का, असं सरळ विचारलं असतं तर ते उसळले असते. म्हणून मी मागच्या दाराने शिरले; आधी त्या आवाजाचं मूळ शोधायचं ठरवलं. बाजारातल्या गॅरेजवाल्याला प्रश्न विचारून विचारून भंडावलं, त्याच्याकडून ग्रीस गन मागून आणली, आणि जाहीर केलं की यंदाची खांदमळणी मी करणार. "पाय मोडून घेशीन," बापूराव म्हणाले, पण सतरंजी त्यांनीच अंथरून दिली.

खाली शिरून पाहते तो काय! क्रॉस दिसतच नव्हता. वर्षानुवर्षांचं ग्रीस, त्यावर धूळ, पुन्हा ग्रीस, पुन्हा धूळ, असे थरावर थर. देवळातल्या शेंदूर फासलेल्या दगडासारखा तो सांधा आपला मूळ आकार विसरून गेला होता. चिंधीने आणि काडीने खरवडत गेले, तेव्हा आतून एक इवलीशी लोखंडी चोच निघाली. ग्रीस आत जाण्याचं खरं दार ते. गन तिथे लावून दाबायची, म्हणजे ग्रीस फुलीच्या चारही टोकांच्या वाट्यांत उतरतं. आमचं इतक्या पोळ्यांचं सगळं प्रेम त्या बंद दाराबाहेरच साचून राहिलं होतं. बैलाचा खांदा वरून मळायचा असतो म्हणून आम्ही लोखंडाचाही वरूनच मळला! मी ओरडून ते सांगितलं, तेव्हा बापूराव उजव्या कुशीवर वाकून म्हणाले, "म्हंजे मी दरसाल नुसता गंधच लावून राह्यलो काय वं?" आणि आम्ही दोघंही खूप हसलो.

मागच्या क्रॉसला गन लावून दाबू लागले. पहिल्यांदा तांबूस, कोरडं, गंजाळलेलं काहीतरी बाहेर पडलं, मग तीन वाट्यांच्या कडांना नवं, मधासारखं ग्रीस हळूच डोकावलं. चौथी वाटी मात्र हट्टाला पेटली. दांडा थोडा फिरवल्याशिवाय तिथवर हात पोचत नव्हता. शहाण्या बाईने अशा वेळी बाहेर यावं. पण मला तो सांधा फिरताना पाहायचा होता! मी बापूरावांना सांगितलं, गाडी न्यूट्रल करा आणि मागून हातभर लोटा. दगड पुढच्या बाजूला तेवढ्याच अंतरावर लावून ठेवले होते.

गाडी हलली आणि माझ्या डोळ्यांसमोर ते घडलं. एक टोक एका दिशेने कललेलं, दुसरं दुसऱ्या, आणि मधली फुली कुणाचीही बाजू न घेता दोघांनाही एकत्र फिरवत होती. माझ्यातल्या मास्तरणीला लगेच संसारावर दृष्टांत सुचला. मी तिला गप्प बसवलं. तेवढ्यात पदराला हिसका बसला. शर्टाखालून सुटलेलं पदराचं टोक मागच्या चाकाखाली गेलं होतं आणि टॉर्च धरलेला माझा हात त्याच वाटेत होता. "थांबा!" मी म्हटलं. गाडी सरकतच राहिली. "अहो, थांबा!" मी जिवाच्या आकांताने ओरडले. गाडी सरकतच राहिली. मग चाक दगडाला भिडलं आणि थांबलं. माझा हात मी कसा ओढून घेतला ते मला आजही आठवत नाही.

बापूराव वाकले. चेहऱ्यावर कामसू माणसाचं समाधान. "झालं? अजून लोटू?"

मी घाबरले होते, आणि घाबरलेलं माणूस आधी चिडतं. "लोटू म्हने! इतकी बोंबलून राह्यली मी, आन् तुम्ही..." चाकाखालचा पदर त्यांना दिसला. त्यांचा चेहरा उतरला. "ध्यान नव्हतं," ते पुटपुटले, गाडी मागे घेतली, आणि मी बाहेर आल्यावर माझा हात उलटापालटा करून पुन्हा पुन्हा पाहत राहिले. मी रडले नाही. रडले असते तर बरं झालं असतं.

चौथ्या वाटीने मग मुकाट्याने ग्रीस घेतलं. पुढचा क्रॉसही झाला. बापूरावांनी गाडी सुरू केली, क्लच सोडला, गाडी गोठ्याबाहेर आली, आणि गाडी हलताक्षणी त्यांनी काय केलं, तर खिडकीतून माझ्या तोंडाकडे पाहिलं. आवाज गेला की नाही, हे ते माझ्या चेहऱ्यावर वाचत होते. आवाज गेला होता. मी मान हलवली. "मी म्हनलंच होतं, गाडी ठनठनीत हाय," ते म्हणाले, आणि नजर वळवली.

संध्याकाळी गावात घुंगरं वाजू लागली. अंबाडीच्या भाजीचा आंबूस वास, शेणाने सारवलेल्या अंगणाचा वास, आणि माझ्या नखांत अडकलेला ग्रीसचा वास. बापूरावांनी बॉनेटला हळद-तूप लावलं, आरशापाशी वाकून आवतन दिलं आणि ओट्यावर येऊन बसले. पळसाच्या पानावर थोडं तूप उरलं होतं. मला काय वाटलं कोण जाणे, मी ते घेतलं, त्यांच्या मागे बसले, आणि सदऱ्याची कड सारून त्यांचा खांदा मळू लागले. पोती वाहून तिथे घट्टा पडला आहे, हे मला ठाऊक होतं. तो इतका टणक आहे, हे नव्हतं. त्यांनी नको म्हटलं नाही. मी वाकले, त्यांच्या डाव्या कानाशी लागले आणि म्हटलं, "आज आवतन घ्या, परवा कानाच्या डॉक्टरकडे या."

रस्त्यावरून एक जोडी गेली, घुंगरांचा नाद हळूहळू पाराकडे सरला. मला वाटलं, हेही साल असंच जाणार, दाराबाहेर थर साचत.

मग त्यांनी मान वळवली, सावकाश, आणि उजवा कान माझ्यापुढे केला.

"तिकडून नाही वं," ते म्हणाले. "इकडून सांग."