अकरावा बोल्ट

कोळवण फाट्यावर नबीलालचं गॅरेज आहे. आपण बांधलेलं एकही इंजिन सव्वीस वर्षांत परत उघडायला आलं नाही, हे तो कुणी न विचारताही सांगायचा. त्याची सगळी भिस्त बोल्टवर. बोल्ट डिझेलमध्ये धुवायचा, आटे ब्रशनं घासायचे, भोकात हवा मारायची, तेलाचा थेंब द्यायचा. मग मधल्यापासून बाहेर, तीन फेऱ्यांत, टॉर्क पान्यानं आवळायचं. ठरलेला ताण आला की पाना 'कट्' वाजतो. तिथं थांबायचं.

कैलासनं वडिलांच्या जीपचं इंजिन नव्यानं बांधायला दिलं आणि त्याच्या डोक्यात एक खूळ शिरलं. इंजिनाच्या वरच्या झाकणाला, म्हणजे हेडला, दहा बोल्ट. ते गावच्या दहा मानकऱ्यांच्या हस्ते आवळायचे!

"कैलासशेठ, ह्यो काय नारळ हाय व्हय?" नबीलाल म्हणाला. "मदला आदी, मंग बाजूचं. बोल्टाला मान कळत न्हाई."

"मग मदला सरपंचांना देऊ की, चाचा!"

गॅरेजपुढं मांडव पडला. सरपंचांनी मधला बोल्ट धरताच माजी सरपंचांचं तोंड उतरलं; शेवटी दोघांनी दोन बाजूंनी दोन बोल्ट एकदमच आवळले. पतसंस्थेचे चेअरमन तर पान्याला असे लोंबकळले की फेटा थेट तेलाच्या ट्रेमध्ये. टाळ्या झाल्या. नबीलाल मात्र 'कट्' न वाजलेले बोल्ट मोजत होता.

दहा बोल्ट संपले आणि कैलासचे चुलते कोंडिबा तात्या रुसून बाहेर उभे असलेले दिसले.

"चाचा, अजून एक बोल्ट काढा ना कुटून तरी," कैलास कानाशी लागला.

नबीलालनं इंजिनाच्या तळाचा, तेल सोडायचा, अजून नुसता हातानं बसवलेला बोल्ट दाखवला. तात्या कुरकुरत वाकले, पाना लावला, फोटो निघाला, पाना काढला.

मंडळी मटणावर बसताच नबीलालनं शटर ओढलं. मानकऱ्यांचे दहाही बोल्ट सैल केले, पुसले, तेल दिलं आणि पुन्हा आपल्या हातानं क्रमानं आवळले. दहाव्याला 'कट्' झालं तेव्हा तो एकटाच हसला. गाव कसं फसवलं! त्या खुशीतच त्यानं तेल भरलं.

दोन दिवसांनी इंजिन जीपवर चढलं आणि मुळशी धरणाकडं मिरवणूक निघाली. मीटरवर झेंडूची माळ होती, त्यामुळे तेलाचा लाल दिवा कुणालाच दिसला नाही. चढाला इंजिन जाम झालं, ते कायमचं. ट्रॅक्टरनं ओढून जीप फाट्यावर आली. मागोमाग मानकरी आले आणि हेडकडं बोट दाखवत एकेकानं छाती काढली, "आमचा बोल्ट शाबूत हाय!"

नबीलाल जीपखाली शिरला. तळाचं भोक रिकामं होतं. तात्यांनी फोटोपुरता पाना धरला होता, आणि आपण तो बोल्ट तपासला नव्हता. दहा बोल्टांसाठी जीव टाकला आणि अकरावा रुसवा काढायला देऊन टाकला, याची त्याला भयंकर लाज वाटली.

तो बाहेर आला. तात्या सुपारी चघळत दुसरीकडं बघत होते.

"कुणाचा बोल्ट पडला, चाचा?" कैलासनं विचारलं.

नबीलालनं हात पुसले.

"माजा," तो म्हणाला. "बाकीचं दहा पक्कं हायेत."

दहाही मानकऱ्यांनी माना डोलावल्या.