धोंडप्पांचा पंखा

धोंडप्पांना मी तीन वर्षं ओळखत होते, ती पडद्यावरच्या एका हिरव्या रेघेवरून. आमच्या ट्रस्टचे सहा दवाखाने. लाईट गेली की त्यांचे सर्व्हर ज्या यूपीएसवर तग धरतात, त्यांची खबर नेटवरून धाराशिवात माझ्यासमोर येते. बॅटरी किती उरली, भार किती पडला, सगळं बसल्या जागी कळतं. येरमाळ्याचा यूपीएस धोंडप्पांच्या ताब्यात. पूर्वी हा माणूस येडेश्वरीच्या यात्रेत तंबूतल्या सिनेमाचा जनरेटर सांभाळायचा. तंबू गेले, आणि तो दवाखान्यात कंत्राटी शिपाई झाला. दर एप्रिलअखेर करार वाढला, तरच पुढची नोकरी.

या एप्रिलमध्ये येरमाळ्याची रेघ रोज दुपारी वर चढू लागली. लाईट गेली की पन्नास वॅट जास्त, लाईट आली की पुन्हा खाली. यूपीएसला सर्व्हरशिवाय काहीही जोडायचं नाही, हा नियम मीच केलेला, आणि माझ्या नियमांवर माझी भारी माया. पन्नास वॅट म्हणजे टेबलफॅन. म्हातारा आमच्या बॅटरीवर वारा खातोय, असं मी ठरवून मोकळी झाले. 'करार वाढवू नये' असं पत्र टाईप केलं, आणि एकदा रंगेहाथ पकडून मगच सही करावी म्हणून ते पर्समध्ये घालून एसटी धरली.

सर्व्हरच्या खोलीचं दार उघडलं तर भट्टीसारखी झळ आली. स्टुलावर सुतळीनं जाळी बांधलेला जुना पंखा होता. पंख्याचं तोंड सर्व्हरकडे. धोंडप्पा कोपऱ्यात फरशीवर बसले होते, सदरा घामानं भिजलेला, आणि एक्स-रेच्या रिकाम्या पाकिटानं स्वतःला वारा घालत होते.

"पंखा कुणाचा?" मी विचारलं.

ते गडबडीनं उठले. "घरचा हाय, मॅडम. फेब्रुवारीपासनं एसी बंद हाय. लाईट गेली की वरचा पंखा बी थांबतो, खोली लई तापती. मशीन बंद पडलं तर डाक्टरला पेशंटचे फोटू दिसत न्हाईत. तंबूत इंजिन तापलं की म्या आधी वारा घालायचो बघा."

"मग थोडा तुमच्याकडे वळवायचा!"

"म्या भाईर जाऊन यीन की. ह्याला कुठं जाता येतंय?"

"अहो, पण कळवायचं नाही का आम्हाला?"

ते खाली बघत म्हणाले, "कळवलं हुतं. फोनवर तुमीच हुता. पोर्टलवर टाका म्हणलात. ज्ञानेश्वरी सिस्टरनं टाकलं बी."

मी तिथंच मोबाइलवर पोर्टल उघडलं. तक्रार होती. तिच्याखाली शेरा होता: पाहणी करून निकाली. काढणाऱ्याचं नाव माझंच. महिनाअखेरीला थकीत तक्रारी शून्य दिसाव्यात म्हणून मी एका दमात चाळीस तक्रारी बंद केल्या होत्या, पाहणी एकीचीही केली नव्हती. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. येरमाळ्याचा वॅटन्‌वॅट मला दिसत होता, पण खोली किती तापली हे सांगणारं काहीच मी लावलेलं नव्हतं. आणि चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात तशी पत्र घेऊन मीच आले होते.

"पंखा काढू का, मॅडम?" धोंडप्पांनी हळूच विचारलं. "तीस तारखेला करार हाय, म्हणून इचारलं."

"हात लावू नका त्याला," मी म्हणाले. आवाज चढला, पण तो माझ्यावरच.

ते पत्र मी परतीच्या एसटीतच फाडलं. नव्या पत्रात जे घडलं ते लिहिलं, आणि जबाबदार म्हणून स्वतःचं नाव घातलं. मला मेमो मिळाला. मिळायलाच हवा होता. धोंडप्पांचा करार वाढला, एसी दुरुस्त झाला, आणि लाईट गेल्यावरसाठी यूपीएसवर भिंतीवरचा एक पंखा रीतसर मंजूर झाला.

तो बसवल्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी रेघ पन्नास वॅट वर चढली, तेवढ्यात धोंडप्पांचा फोन आला.

"मॅडम, काल घरचा पंखा घरी नेला. आमची कारभारीण सिद्धम्मा त्याला म्हणती, काय पावनं, तीन आठवडं कुठं हुता? म्या उकाड्यात मेले की हितं." ते मनापासून हसले.

मला हसता आलं नाही.